दमानं दळलेलं औषध

आमच्या घरात तिखट डब्यात कमी आणि हवेत जास्त असायचं. मुळशीतल्या चांदे गावात रस्त्याकडेला आमची दोन खोल्यांची पत्र्याची जागा. पुढच्या खोलीत आईचं मिरची कांडप, मागच्या खोलीत आम्ही तिघं. मधे दार होतं, पण मिरचीला दार कळत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आम्ही शिंकत जेवायचो, शिंकत झोपायचो, आणि पाहुणे आले तर अर्धा चहा ठेवून शिंकत निघून जायचे.

जमीन नव्हती. म्हणजे होती, पण आजोबांनी विकली, आणि तीही गावाला भाव यायच्या कितीतरी आधी. पुढं हिंजवडीला कंपन्या आल्या, त्यांची माणसं आमच्याकडं राहायला आली, आणि दोन्ही अंगांच्या शेजाऱ्यांनी भाड्याच्या खोल्यांचे तीन-तीन मजले चढवले. मधे आमचा पत्रा. दुपारी त्या भिंतींची सावली आमच्यावर पडायची, आयटीचा आम्हाला झालेला फायदा तेवढाच. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिरंगुटला एका कारखान्यात खोकी बांधायला. कंत्राटी काम. बोलावलं की जायचं, नाही बोलावलं की दारात बसून मिरच्यांची देठं खुडायची. घर चालायचं ते कांडपावर, हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही त्यावर बोलत नव्हतो.

मी तिसरीपासून चाळणीवर. कांडपाच्या जवळ आई मला येऊ द्यायची नाही. एकदा माझी वेणी मुसळाच्या पट्ट्याजवळ गेली होती, तेव्हापासून तिनं जमिनीवर खडूनं रेघ मारली. "तुझी वेणी आन माझं कांडप, दोघांचं जमत न्हाई. रेघंच्या हिकडं चाळणी घिऊन बस." मग रेघेच्या पलीकडं दोन लोखंडी उखळं आणि त्यात धाडधाड आपटणारी मुसळं, अलीकडं मी. आई कुटलेलं तिखट माझ्यापुढं ओतायची, मी चाळायची. खाली पडलं ते गिऱ्हाइकाच्या पिशवीत, वर राहिलं ते परत उखळात. वर राहिलेलं परत कुटायचं. माझ्या आयुष्यातलं पहिलं शास्त्र ते.

शाळेत मला ठसका म्हणायचे. माझी वही उघडली की शेजारची मुलगी शिंकायची. बोर्डाच्या परीक्षेत माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा तीन तास नाक पुसत होता, आणि तो पास झाला तेव्हा सुटकेचा पहिला श्वास मी टाकला. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आजही कोपऱ्यात लाल अंगठा आहे. तो आईचा. टक्के ऐकून तिनं हात न धुता कागद धरला होता. कॉलेजात कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "हा शिक्का कशाचा?" मी म्हटलं, "घरचा." माझ्या आधी आमच्यात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. हे मी मिरवूनच सांगते, आणि ज्याला मिरवणं वाटतं त्यानं आमच्या पुढच्या खोलीत एक मे महिना काढून दाखवावा.

मी बी. फार्म. झाले. मग एम. फार्म.ला लागले, आमच्या मुळशी तालुक्यातल्याच एका कॉलेजात, बसनं पाऊण तास. आणि त्याच वर्षी आईचा खोकला बसेना. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि सांगितलं, कांडप बंद करा. आईनं मान हलवली, आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "तुझं हे दुसरं शिक्षण झालं की बंद करते."

"आई, त्याला दोन वर्षं लागतील."

"मंग दोन वर्षांनी बंद करते. डॉक्टरनी तारीख कुटं सांगितली?"

ती एकदा बोलली की बोलली. त्यामुळं माझ्यापुढचा हिशेब साधा होता. मी वेळेवर पास झाले तर आईला दोनच उन्हाळे मिरची कुटावी लागणार. एक सहामाही मागं पडले तर तिसरा उन्हाळा. पदवी माझी, फुप्फुसं तिची.

आता माझ्या प्रबंधाचा विषय सांगते. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मला दिलेला विषय होता, पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाचे अतिसूक्ष्म कण करायचे. औषध नायट्यावरचं, जुनंच, पांढरी भुकटी. ते पाण्यात टाकलं तर पाण्याकडं बघतसुद्धा नाही, वर तरंगत बसतं. पोटात गेलं तरी तेच. गोळीतलं बरंचसं औषध शरीराला न लागता तसंच बाहेर जातं. म्हणून डॉक्टर सांगतात, तेलातुपाचं काहीतरी खाऊन घ्या, म्हणजे जरा तरी विरघळतं.

हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. अण्णांना हाच आजार झाला होता, दिवसभर गमबूट घालून. डॉक्टरांनी हीच गोळी दिली आणि स्निग्ध पदार्थांबरोबर घ्या म्हणाले. अण्णांनी घरी येऊन त्याचा अर्थ सांगितला तो असा, "डॉक्टर म्हनलं, मटान खायाचं."

आई म्हणाली, "असं म्हनलं डॉक्टर?"

"चरबीचं म्हनलं. आता चरबी काय मेथीत असती का?"

"चमचाभर तूप घ्या."

"तुपानं वंगन व्हतंय. औषध व्हायला रस्सा लागतो."

महिनाभर ते दर जेवणाला गोळी ताटाशेजारी ठेवून आईकडं बघत बसायचे. मिळालं तूपच. नायटा गेला, पण आपल्यावर अर्धेच उपचार झाले असं ते अजून म्हणतात.

तर मी घरी विषय समजावून सांगितला. म्हटलं, आमटीत अख्खी मिरची टाकली तर काय होतं? नुसता वास लागतो. तीच कुटून टाकली तर कानातनं धूर निघतो. मिरची तीच. फक्त बारीक झाल्यावर तिला पाणी चहूबाजूंनी भिडतं. तसं औषध इतकं बारीक करायचं की गोळीला तूप लागू नये.

"किती बारीक?" आईनं विचारलं. धंद्यातलाच प्रश्न.

"केसाच्या जाडीत तीन-चारशे दाणे शेजारी शेजारी बसतील इतकं."

आईनं भिंतीवरच्या चाळणीकडं पाहिलं. "त्याला चाळनी कुटं मिळती?"

"चाळणी नसते. लेझरचा उजेड टाकून मोजतात."

"म्हंजे तुला तिथं चाळनीवर बसावं लागत न्हाई."

"नाही. तिथं कांडप माझ्या हातात आहे."

हे वाक्य बोलताना मला जी गुदगुली झाली ती अजून आठवते. पंधरा वर्षं रेघेच्या अलीकडं काढली होती. आता रेघ ओलांडली.

आमच्या प्रयोगशाळेतलं कांडप म्हणजे स्टीलचा एक जाड डबा, त्यात राजगिऱ्याएवढे पांढरे कडक मणी, थोडं पाणी, ते औषध, आणि कणांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून घातलेलं जरासं साबणासारखं, जरासं खळीसारखं मिश्रण. डबा यंत्रात बसवायचा, झाकण घट्ट करायचं आणि यंत्र गरागरा फिरवायचं. मणी एकमेकांवर आपटतात, मधे सापडलेलं औषध फुटतं. यंत्राचे मालक कागदोपत्री प्राचार्य, पण खरे मालक आमचे प्रयोगशाळेतले मामा. कासारसाईचे, पन्नाशीचे, कॉलेज उघडल्यापासून तिथं. त्यांचा एक नियम होता: यंत्र थांबलं की आधी चहा, मग डबा. "गरगरलेल्या गोष्टीला लगेच हात लावू नये. मानूस असो न्हाईतर मशीन," म्हणायचे. आम्ही चहा घ्यायचो, मग मी जाड हातमोजे घालून डबा काढायची, कारण तो तेलकट आणि जड असायचा आणि मामांना फरशीची काळजी होती.

पहिल्या दिवशी दोन तास फिरवलं. डब्यातून निघालं ते दूध. खरंच दूध, अगदी पांढरं, तळाशी काही न बसणारं. मापलं तर दोनशेच्या आसपास नॅनोमीटर. मी पाहिलं, मॅडमनी पाहिलं, मामांनी चष्मा लावून पाहिलं. मला गिरकी घ्यावीशी वाटली. पण काचेच्या भांड्यांमधे मामा गिरकी घेऊ देत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यात जाऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापलं. नऊशे.

वाटलं, माझंच मापायला चुकलं. परत मापलं. नऊशे वीस. आठवड्यानं बाटलीच्या तळाशी साखरेसारखे कण चमकत होते. रात्रभरात कोणीतरी येऊन माझं दूध नासवून जात होतं.

मग मी जे केलं ते चाळणीवर वाढलेल्या पोरीनंच करावं. वर राहिलेलं परत कुटायचं. जाड झालं ना, परत टाक डब्यात. दोन तासांचे चार केले, चाराचे सहा. सकाळी नऊला यंत्र सुरू, दुपारी तीनला बंद. संध्याकाळी मापलं की एकशे ऐंशी, मी आनंदात घरी. सकाळी मापलं की बाराशे, मी मामांच्या चहाला. जितकं जास्त दळावं तितकं सकाळी जास्त फुगलेलं. मामा म्हणाले, "ह्या औषदाला पीठ मळल्यावानी फुगायची सवय लागलीय. ताई, तुमी ह्याच्या भाकरी करा."

अण्णांना मी हे सांगितलं, ती चूक झाली. तेव्हापासून ते कामावरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "फुगलं का?"

"फुगलं."

"हात्तिच्या," म्हणून ते हातपाय धुवायला जायचे. रोज. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, पोरीनं बेकरी टाकली का काय.

जानेवारीच्या शेवटी मॅडमनी मला समोर बसवलं. मॅडम रागावत नाहीत, हळू बोलतात, आणि ते जास्त वाईट. म्हणाल्या, "हे बघ, कण तीस दिवस तसेच राहिले नाहीत तर त्याला औषध म्हणता येत नाही. पाडव्यापर्यंत एक तीस दिवस टिकलेला नमुना दाखव. नाही जमलं तर विषय बदलू, सोपा देते. पण मग एक सहामाही वाढेल."

सहामाही वाढेल म्हणजे काय, ते मॅडमना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्याच आठवड्यात लाल मिरच्यांची पहिली पोती आमच्या दारात उतरली होती.

पुढचा महिना मी काय काय केलं ते विचारू नका. खळ वाढवली, साबण कमी केला, साबण वाढवला, खळ बदलली. एकदा इतका फेस झाला की झाकण उघडल्यावर मामा म्हणाले, "दाढी करून घ्यू का?" प्रत्येक वेळी सहा तास. प्रत्येक वेळी सकाळी फुगलेलं. असा अख्खा महिना गेला.

महाशिवरात्रीच्या आधीचा रविवार होता. सकाळी अंगणात मी आणि आई ब्याडगी मिरचीची देठं खुडत बसलो होतो. पुढच्या खोलीत कांडप चालू होतं. आई मधेच उठली, आत गेली, मुसळं थांबवली, परत येऊन बसली आणि खोकली. शेजारच्या भाड्याच्या खोलीतल्या एक बाई तिखटासाठी उन्हात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, लाइट आहे तर बंद कशाला करता? मला ऑफिसचा कॉल आहे."

"तुमच्या कॉलला मिरची लागती का?" आई म्हणाली. "बसा. दम काढा."

त्या बसल्या. मी देठ खुडत म्हटलं, "आई, तुला दम लागतो तर मी चालवते ना. आता मी मोठी झाले. रेघ पुसून टाक."

"मला कुटं दम लागलाय?"

"मग थांबवलंस कशाला?"

"मिरचीला दम द्यायला." आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला चूल कशानं पेटते ते विचारलं होतं. "मुसळ आपटून आपटून उखळ तापतं. तापल्याली मिरची काळी पडती, रंग जातो. आन गरम तिखट डब्यात भरलं की त्येला घाम सुटतो, सकाळी बघावं तर खडं धरल्यालं. उखळाला उलटा हात लावायचा, चटका बसायच्या आत बंद करायचं. तुला काय वाटलं, मी ऱ्हाऊन ऱ्हाऊन थांबती ती नाचायला?"

"मला वाटायचं तू खोकल्यामुळं थांबतेस."

"खोकला ह्या चार वर्सांतला हाय. थांबती मी वीस वर्सं."

माझ्या हातातली मिरची हातातच राहिली. सकाळी खडे धरलेलं, हे शब्द मी कुठंतरी रोज वाचत होते. माझ्याच वहीत.

आईनं विचारलं, "तू तुझं ते किती येळ फिरवतीस?"

"सहा तास."

"मधी थांबवून?"

"नाही. एकदमच."

"डब्याला हात लावून बघितलास?"

"हातमोजे घालून."

आईनं उन्हात बसलेल्या बाईंकडं पाहिलं आणि त्यांना म्हणाली, "ही माझी लेक. औषदात एम. फार्म. करती." मग ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, खोकता खोकता परत हसायला लागली. त्या बाई पण हसायला लागल्या, कशाला ते न कळता. मीही. तिघींच्या डोळ्यांत पाणी, आणि त्यात मिरचीचा वाटा किती ते सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी मी यंत्र लावलं, अर्ध्या तासात थांबवलं आणि हातमोजे काढले. मामा म्हणाले, "आधी चहा."

"मामा, आज आधी हात."

उलटा हात डब्याला टेकवला आणि झटक्यात मागं घेतला. ताजी भाकरी उचलावी तसा. अर्ध्या तासात ही गत, तर सहा तासांत काय होत असेल. आणि रोज आमचा चहा होईपर्यंत डबा गार होऊन बसायचा, वर माझे हातमोजे. चार महिने मामांच्या चहानं गुन्ह्याचा पुरावा पुसून टाकला होता.

मी मॅडमकडं पळत गेले. त्यांनी वही मागवली. प्रत्येक पानावर तापमानाच्या रकान्यात माझ्या सुबक अक्षरात सत्तावीस, सत्तावीस, अठ्ठावीस.

"हे कशाचं तापमान?"

"भिंतीवरच्या तापमापकातलं, मॅडम. तुम्ही म्हणाला होता तापमान रोज लिही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चार महिने तू मला भिंतीची तब्येत दाखवलीस."

"हो मॅडम."

"आणि मी सह्या केल्या," त्या म्हणाल्या, आणि मग त्याही हसल्या. मला त्यांचं हसणं पहिल्यांदा दिसलं. मग त्यांनी फळ्यावर समजावलं. पाणी तापलं की औषध नेहमीपेक्षा थोडं जास्त विरघळतं. पाणी गार झालं की ते विरघळलेलं औषध परत बाहेर पडतं आणि जाऊन बसतं मोठ्या कणांवर. बारीक कण झिजत झिजत संपतात, मोठे आणखी मोठे होतात. जितकं जास्त दळशील तितकं जास्त तापणार, आणि जितकं तापेल तितकं रात्री फुगणार. "हे तुला कसं सुचलं?" त्यांनी विचारलं.

"आईनं सांगितलं."

"त्या कशात आहेत?"

मी म्हटलं, "दळण्यातच आहेत. वीस वर्षांचा अनुभव आहे."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही नवा घाणा लावला. आईची रीत: दहा मिनिटं दळायचं, दहा मिनिटं दम. दम देताना डबा बर्फात. कॉलेजचं बर्फाचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून मी सकाळी बसथांब्याजवळच्या रसवंतीतून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणली. रसवंतीवाला म्हणाला, "एवढा बर्फ? कार्य हाय का घरात?"

"औषध गार करायचंय."

"मंग उसाच्या रसातच घ्या की," तो म्हणाला.

दळायचं एकूण दोन तास, म्हणजे बारा वेळा दहा मिनिटं, आणि मधे अकरा वेळा दम. मामांचा नियम मोडायचा नव्हता. यंत्र थांबलं की चहा. त्या दिवशी आम्ही अकरा चहा प्यायलो. सातव्या चहानंतर मामांनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली, नवव्यानंतर तीच परत सांगितली, आणि अकराव्यानंतर आम्ही दोघं डब्याला आळीपाळीनं उलटा हात लावून "गार हाय", "गार आहे" म्हणत उगीचच हसत होतो. दूध निघालं. दोनशे दहा.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी. मी उपासाची साबुदाण्याची खिचडी समोर घेऊन बसले आणि तो प्रत्येक पांढरा दाणा मला फुगलेला दिसत होता. तिसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. मापलं. दोनशे बारा.

मी व्हरांड्यात तीन गिरक्या घेतल्या.

घरी अण्णांनी चपला न काढता विचारलं, "फुगलं का?"

"नाही."

ते थांबले. त्यांना पुढचं वाक्य पाठ नव्हतं. "न्हाई?"

"नाही अण्णा."

"मंग आता काय म्हनायचं?" त्यांनी आईला विचारलं.

"हातपाय धुवा म्हनायचं," आई म्हणाली.

सतराव्या दिवसापर्यंत सगळं छान. सतराव्या दिवशी मापायच्या यंत्रानं पडद्यावर एकाऐवजी दोन उंचवटे दाखवले, एक दोनशेला आणि एक थेट हजारांत. पाडवा पंधरा दिवसांवर. दुसरा नमुना करून तीस दिवस मोजायला वेळच नव्हता. मॅडम आल्या, त्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, बराच वेळ पाहिला आणि मला बोलावलं. "तू बघ."

पांढऱ्या धुक्यात मधोमध एक लाल, झगझगीत, माणकासारखा तुकडा.

"हे औषध नाही," मॅडम म्हणाल्या. "हे काय आहे?"

मी खाली मान घालून म्हटलं, "ब्याडगी."

माझ्या ओढणीतून, केसातून, कुठून तरी एक कण मापायच्या काचेच्या नळीत पडला होता. नळी धुतली, बाटलीतला नवा थेंब घेतला. दोनशे चौदा. त्या दिवसापासून माझे धुतलेले कपडे कॉलेजच्या कपाटात राहायला लागले. मी बसमधून उतरले की आधी तोंड धुवायची, कपडे बदलायची, केसांवर टोपी घालायची, आणि मामा दारात उभे राहून मला हुंगून बघायचे. शिंक आली तर परत धुवायला पाठवायचे. "शाळेत ठसका म्हनायचे ना तुमाला? बरूबर म्हनायचे."

पाडव्याच्या तीन दिवस आधी तिसावा दिवस आला. मी आईला घेऊन गेले. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती, चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढल्या, आणि मामांनी आदरानं तिला हुंगायचं टाळलं. वर एक पांढरा कोट दिला. मॅडमनी नमस्कार केला, आणि आईनं खुर्चीवर बसायच्या आधी जाऊन त्या यंत्राच्या डब्याला उलटा हात लावला.

"गार हाय," ती म्हणाली.

"ते बंद आहे आई."

"बंद असलं तरी बघावं."

मी थेंब टाकला. मापायचं यंत्र आकडा दाखवायला दोन मिनिटं घेतं. त्या दोन मिनिटांत आईला खोकला आला आणि तिनं तो पदरात दाबून धरला, यंत्राला धक्का लागेल म्हणून. पडद्यावर आकडा आला. दोनशे अठरा.

"चांगलं हाय का?" आईनं मॅडमना विचारलं.

"चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या.

मग मी आईला एक गंमत दाखवली. पाण्याची दोन भांडी ठेवली. एकात औषधाची साधी भुकटी टाकली, ती वर तरंगत बसली. दुसऱ्यात माझ्या दुधाचे थेंब टाकले, ते पाण्यात शिरले, आणि थोड्या वेळानं पाणी निवळ झालं. आईनं निवळ भांड्यात वाकून पाहिलं, मग तरंगणाऱ्या भांड्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "ह्येच तुझ्या बापाच्या पोटात तरंगत व्हतं."

संध्याकाळी अण्णांनी एकच मागणी केली, त्यातलं थोडं त्यांना चाखायला द्यावं. मी सांगितलं की ते अजून माणसांसाठी नाही, प्रयोगाचं आहे. ते नाराज झाले, मग म्हणाले, "पन ह्याच्यासंगं तूप लागत न्हाई म्हनतीस ना?"

"नाही लागत."

"मंग तू आमचं नुकसानच केलंस."

पाडव्याला गुढी उभारली आणि त्याच दिवशी आई पुन्हा कांडपावर बसली, हंगाम होता. तो तिचा दुसरा उन्हाळा. मी संध्याकाळी चाळणीवर बसायची आणि प्रबंधाची पानं मनात जुळवायची. मेअखेर शेवटचं पोतं निघालं तेव्हा आईनं उखळं पुसली, मुसळांना तेल लावलं, आणि वाकून जमिनीवरची खडूची रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

जुलैत माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, दळताना दहा मिनिटांची विश्रांती कशाच्या आधारे ठरवली. मी कारण सांगितलं, आकडे सांगितले, आणि कोणाकडून शिकले तेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मी वेळेवर एम. फार्म. झाले. आमच्या घरातली पहिली. माझा नमुना तीस दिवस टिकला. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या दारात मिरच्यांचं पोतं उतरलं नाही, आणि आईनं कांडप बंद केलं ते बंदच आहे.